गिधाडे कोठे गेली?



वर्षावासाच्या तीन महिन्यांत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील वस्त्यांवर धम्मप्रवचनासाठी जाण्याचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. मध्ये भीमा, तिच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. एसटीने, कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, जसे जमेल तसे जातो. असाच एका विहारात पंचशीलावर बोलत होतो. पहिले शील, म्हणजे प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे शील, समजावून झाले, तेव्हा मागच्या भिंतीला टेकून बसलेला कॉलेजात शिकणारा एक तरुण उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, एक विचारू का? आमच्या गावात चहाच्या टपरीवर एक बागाईतदार मला सगळ्यांदेखत म्हणाला, 'तुमी ढोरं वढायची सोडली, अन् गिधाडं उपाशी मेली. तुमच्या धर्मानं जीव वाचीवले का मारले?' मला उत्तर देता आले नाही. खरेच आपल्यामुळे गिधाडे गेली का?"

विहारात एकदम शांतता झाली. तरुण पोरे माझ्याकडे पाहू लागली. म्हाताऱ्यांनी मात्र माना खाली घातल्या, कारण ढोरे ओढणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, की प्रश्न चांगला आहे, त्याला रागाने उत्तर देऊ नये, पुराव्याने द्यावे. ते उत्तर पुढच्या पौर्णिमेला दिले. विहारातल्या मंडळींच्या आग्रहावरून येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझे आजोबा येसकर होते. गावात कोणाचे जनावर मेले की मालकाचा गडी लांबूनच हाक मारी. मग आजोबा आणि भावकीतली दोन-तीन माणसे चऱ्हाट घेऊन जात, गोठ्यातून ते ढोर ओढत ओढ्याच्या काठी नेत. त्याचे कातडे निघे, मांस वाटले जाई, आणि जे उरे त्यावर गिधाडे उतरत. आकाशात आधी एक ठिपका दिसे, मग दहा, मग चाळीस-पन्नास. तासाभरात बैलाचा सांगाडा उघडा पडे. माणसाने टाकलेली घाण कोणताही मोबदला न मागता साफ करणारा हा पक्षी. माणसांच्या पंक्तीत जे स्थान आमच्या आजोबांना होते, तेच पक्ष्यांच्या पंक्तीत गिधाडाला होते. दोघेही गाव स्वच्छ ठेवीत आणि गाव दोघांनाही अभद्र म्हणे. घरावर गिधाड बसले तर शांती करावी लागते, असे मानणारे लोक आमची सावलीही टाळीत.

मार्च १९२७ मध्ये महाड येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या माणसांना स्पष्ट बजावले, की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, ढोरे ओढण्याचे काम सोडा. पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात तर त्यांनी मृत गाईचे मांस खाणे आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासाच्या अंगाने मांडला. महाडचा तो उपदेश गावोगाव पोहोचायला काळ लागला. काही ठिकाणी लगेच, काही ठिकाणी धर्मांतरानंतर, आणि काही ठिकाणी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेल्यावर. आमच्या घरी १९५६ च्या दीक्षेनंतर आजोबांनी चऱ्हाट खुंटीवरून काढून आडाच्या रहाटाला बांधले. गावाने त्याची किंमत वसूल केली. दळण बंद झाले, रानात पाय टाकू देईनात, दुकानदार मीठ देईना. गावाचे नाव सांगत नाही. आज त्या गावात आमचे बरे चालले आहे.

आता मुख्य मुद्दा लक्षात घ्या. आजोबांनी ढोरे ओढायची सोडल्यावर पहिले जनावर मेले ते दोन दिवस गोठ्यातच पडले होते. तिसऱ्या दिवशी दुर्गंधी सुटली तेव्हा मालकाने स्वतःच्या बैलजोडीला दोर बांधून ते ओढ्याकाठी टाकले. मी तेव्हा अगदी लहान होतो, पण पुढे असे प्रसंग वारंवार झाले आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहेत. गिधाडे आली. नेहमीसारखीच आली, तेवढीच आली. जनावर महाराने ओढले की पाटलाने, याची चौकशी गिधाड करीत नाही. १९६०, १९७० च्या दशकांत, मी शाळामास्तर झालो त्यानंतरही, दौंडच्या रेल्वे लाइनीकडेला कापलेल्या जनावरांवर गिधाडांचे थवे बसलेले मी पाहिले आहेत. आपण ते काम सोडल्यानंतर कित्येक वर्षे गिधाडे सुखाने जगत होती. म्हणजे आपण काम सोडले हे कारण नव्हे. कारण तेच असते तर परिणाम तेव्हाच दिसला असता.

मग ती कधी गेली? १९९० नंतर. भारतात सर्वाधिक आढळणारे पांढऱ्या पाठीचे गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एखाददुसरे उरले, म्हणजे घट ९९ टक्क्यांहून अधिक. कड्यावर घरटी करणाऱ्या लांब चोचीच्या गिधाडाचीही जवळजवळ तीच गत झाली. इतक्या झपाट्याने एखादा पक्षी संपल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत. आधी सर्वांना वाटले की काही साथीचा रोग असेल. कोणी म्हणाले कीटकनाशके, कोणी म्हणाले अन्न कमी झाले. आमच्या भागात काही लोक म्हणाले कलियुग! खरे कारण पाकिस्तानातील पंजाबात काम करणाऱ्या संशोधकांना सापडले आणि २००४ साली प्रसिद्ध झाले. ते कारण एका औषधात होते. डायक्लोफेनॅक. सांधे दुखले की आपण जी गोळी घेतो तीच.

याची रीत समजून घ्या. बैलाचा पाय सुजला, गाईला ताप आला, कास सुजली, की जनावराला हे इंजेक्शन देत. स्वस्त होते, गुण लगेच दिसे. बैल उभा राही, कामाला लागे. पण जनावर म्हातारे असेल, दुखणे मोठे असेल, आणि सुई दिल्यावर दोन-तीन दिवसांत ते मेले, तर औषध त्याच्या मांसात राही. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. रक्तातले युरिक आम्ल काळजावर, यकृतावर चुन्यासारखे पांढरे बसे. पक्षी मान खाली टाकून झाडावर दिवसच्या दिवस बसे आणि मग खाली पडे. आता असे पाहा, की एका जनावरावर पन्नास गिधाडे जेवतात. त्यामुळे शंभर मेलेल्या जनावरांत एखादेच तसले असले तरी पुरे झाले. त्यातून गिधाडाची जोडी वर्षाला अंडे घालते एकच. मरण पन्नासांचे आणि जन्म एकाचा, असा हिशेब किती वर्षे चालणार? भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध गिधाडांना अपाय करीत नाही हेही तोवर ठरले होते.

गिधाडे गेल्यावर काय झाले तेही ऐका. मेलेली जनावरे सडू लागली, त्यांवर कुत्री पोसली. कुत्र्यांबरोबर पिसाळी आली, पाण्यात रोगजंतू गेले. २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली असावीत, असा अंदाज अलीकडे एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने केला आहे. मुंबईत पारशी बांधवांच्या दखम्यांवर गिधाडे येईनाशी झाली, तेव्हा त्यांना सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. बैलाच्या खुरातली कळ थांबवण्यासाठी दिलेली सुई, आणि तिचा शेवट कोण्या गावातल्या पोराला कुत्रे चावण्यात!

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला तो हाच. कोणतीही गोष्ट आपोआप होत नाही, कोणा देवाच्या लहरीनेही होत नाही. ती कारणांवर अवलंबून असते, आणि ती कारणे शोधता येतात. कारण नाहीसे केले की परिणाम नाहीसा करता येतो. अनेकांना हा सिद्धांत फार अवघड वाटतो, बारा निदानांची नावे पाठ करताना कंटाळा येतो. ओढ्याकाठचे गिधाड समोर ठेवा, म्हणजे तो समजेल.

येथे एक उपासिका म्हणाल्या, "पण गुरुजी, बैलाला सुई देणाऱ्याच्या मनात गिधाड मारायचे नव्हते. मग शील मोडले का?" मला हा प्रश्न पहिल्या प्रश्नापेक्षाही मोलाचा वाटला. धम्मात कर्म म्हणजे चेतना, म्हणजे हेतू. ज्याला ठाऊकच नव्हते त्या शेतकऱ्याने प्राणिहत्या केली असे मी म्हणणार नाही. उलट दुखणाऱ्या बैलावर त्याने करुणाच केली. पण २००६ नंतर काय झाले? माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या दुकानात मिळतच होत्या. त्या घेऊन जनावरांना टोचणे चालू राहिले. म्हणून २०१५ साली सरकारला माणसांच्या इंजेक्शनची मोठी बाटलीही बंद करावी लागली आणि एका वेळेपुरतीच कुपी ठेवावी लागली. त्याच जातीची आणखी दोन औषधे, अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन, २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाली. माहीत नव्हते तोवर अज्ञान होते. माहीत झाल्यावर, चार पैसे वाचतात म्हणून तीच सुई देणे याला अज्ञान म्हणता येत नाही. तथागतांनी ज्याला प्रमाद म्हटले तो हा. आणि अज्ञान हेही दुःखाचे मूळच आहे, ते क्षम्य आहे म्हणून आपण त्यात बसून राहावे असे नव्हे.

असो. गिधाडे अजून पार नष्ट झालेली नाहीत. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या बाजूला आणि आणखी मोजक्या ठिकाणी ती आहेत. हरियाणातील पिंजोरला त्यांची पैदास करून पाहत आहेत. आपल्या माळावर मात्र नाहीत.

हे झाल्यावर मंडळींत चर्चा सुरू झाली, की आपल्या भागातून आणखी कोण कोण गेले. तेव्हा मी त्यांना घोड नदीकडे बोट दाखवले.

शिरूर तालुक्यात घोडच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी, डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांनी, १९६८ पासून १९८२ पर्यंत तेथे उत्खनन केले. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांचे गाव वसले आणि नऊशे वर्षे नांदले. बार्ली, गहू, मसूर, वाटाणा पिकवीत, गाईबैल, शेळ्यामेंढ्या पाळीत, हरणांची शिकार करीत. काळवीटाची हाडे त्यांच्या उकिरड्यांत सापडली आहेत. पुढे पाऊसमान बिघडले असावे असे उत्खनन करणारे म्हणतात. चौकोनी मोठी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, माणसे मेंढरांवर आणि शिकारीवर जास्त अवलंबू लागली, आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठले. त्या गावाच्याही कितीतरी आधीचे, घोडच्या खोऱ्यातल्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत, दगड झालेल्या हाडांचे तुकडे मिळतात. त्यांत रानबैल आहे. प्रचंड शिंगांचा, आजच्या वशिंडाच्या बैलाचा मूळ पुरुष. तो रानात आज कोठेही नाही. युरोपातला त्याचा भाऊबंद पोलंडमध्ये १६२७ साली संपला. आपल्याकडचा माणसाच्या दावणीला बांधला गेला आणि रानातला त्याचा वंश गेला. तुमच्या दारातला खिल्लार म्हणजे एका नामशेष प्राण्याचा जिवंत वारस आहे, त्याच्या पाठीवर चाबूक उगारताना एवढे लक्षात ठेवा.

नर्मदेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यांत पाणघोडे होते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरलेले तुकडे मिळाले, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. हैदराबादच्या प्रयोगशाळेने भारतात सापडलेल्या अशा कवचांची जनुकीय तपासणी करून २०१७ साली सांगितले, की हा पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाच्याच जातीचा. १९७४ मध्ये प्रवरेकाठी दायमाबादला एका भिल्ल बांधवाला जमीन खणताना काशाची चार चित्रे मिळाली, त्यांत एक गेंडा आहे. प्रवरेकाठी गेंडे हिंडत होते असे त्यावरून मी म्हणत नाही. पण घडवणाऱ्याला गेंडा ठाऊक होता. हे सारे प्राणी येथून का गेले याचे एकच कारण काढता येणार नाही. हवा बदलली, नद्यांचे पाणी बदलले, आणि माणसाच्या हातात हत्यारे आली. तरी अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया यांच्या मानाने आपल्या देशात फार थोडे मोठे प्राणी नष्ट झाले. येथे माणूस आणि प्राणी दीर्घकाळ एकमेकांना ओळखून होते, असे काही शास्त्रज्ञ त्याचे कारण देतात. सारे अनित्य आहे असे म्हणून हा विषय काही लोक मिटवून टाकतात. पंचवीस हजार वर्षांत शहामृग जाणे आणि पंधरा वर्षांत गिधाड जाणे या दोन्हींना अनित्यतेच्या एकाच पोत्यात भरणे मला पटत नाही. अनित्यता हा सृष्टीचा नियम आहे, तो आपल्या निष्काळजीपणाचा वकील नव्हे.

आणि चित्ता! जेथे काळवीट तेथे चित्ता, असे दख्खनच्या माळांचे होते. चित्ता पिंजऱ्यात सहसा वीत नाही. जहांगीर बादशहाच्या काळी एकदा त्याला पिले झाली, तर त्याची नोंद झाली. म्हणजे राजेरजवाड्यांना शिकारीसाठी जेवढे चित्ते हवे तेवढे रानातून पकडावे लागत. अकबराकडे हजार चित्ते होते असे सांगतात. ते हजार रानातून कमी झाले, आणि त्यांच्या पोटची पिलेही जन्मली नाहीत. विसाव्या शतकात कोल्हापूर दरबाराला शिकारीचे चित्ते आफ्रिकेहून आणावे लागले, इतके ते येथे दुर्मिळ झाले होते. इंग्रज अमदानीत हिंस्र श्वापद मारल्याबद्दल बक्षीस मिळे. ज्या माळावर काळवीट चरायचे तो नांगराखाली गेला. शेवटी १९४७ साली आजच्या छत्तीसगडातील कोरियाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले. ते भारतातले शेवटचे समजतात. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ आणि पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते विमानाने मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात आणले. एका रात्रीत जे गेले ते पंचाहत्तर वर्षांनी, परदेशातून, करोडोंच्या खर्चाने परत आणावे लागते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. अहिंसा हा आंधळा नियम नव्हे, ते एक तत्त्व आहे; नियम माणसाचे हात बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते. मेंढरावर आलेल्या लांडग्याला हुसकणारा धनगर आणि मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते टिपणारा महाराज यांना एकाच तागडीत तोलू नका. शिरूर-दौंडच्या माळावर आजही थोडे लांडगे उरले आहेत, आणि त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहून, नुकसान सोसून, त्यांचा निर्वंश न करणारा जर कोणी असेल तर तो धनगर आहे.

आता मी एका अडचणीच्या जागी येतो. ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

माळढोक पक्षी तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या लोकांनी पाहिला असेल. उंच मानेचा, पंधरा किलोपर्यंत वजनाचा, गवतात जमिनीवरच अंडे घालणारा, तेही एकच. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, या जिल्ह्यांत अभयारण्य झाले. ८,४९६ चौरस किलोमीटर! श्रीगोंदे, कर्जत हे आपल्या शेजारचे तालुके त्यात होते. इतक्या मोठ्या मुलखात गावे, शेते, रस्ते सारे आले, लोक वैतागले, आणि पुढे ते कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. पक्षी मात्र कागदावरच्या कोणत्याच आकड्याने वाचला नाही. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ दिसत नाही. देशात दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात.

तो गेला कारण माळ गेला. आणि माळ म्हणजे कागदोपत्री काय? पडीक, गायरान. याच जमिनींसाठी आपल्या लोकांनी लढे दिले आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक जमिनी आणि गायराने कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. बायाबापड्या पोरे कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. माझी आई त्यांत होती. तेव्हा आता जर मी या आसनावरून म्हणालो की माळ राखा, तर तुम्ही विचाराल, गुरुजी, आमची दोन एकर गायरानाची सोडू का? कोणी पर्यावरणवाला साहेब येऊन तुमच्या झोपडीला अतिक्रमण म्हणतो, आणि पलीकडे शेकडो एकरांवर कारखान्यांच्या भिंती उभ्या राहतात त्याला विकास म्हणतो, हे तुम्ही रांजणगावला आणि कुरकुंभला रोज पाहता.

माझे मत मी सांगतो. ते चुकीचे वाटले तर मला सांगा. माळढोक भूमिहीनाच्या दोन एकर बाजरीने गेला नाही. कोरडवाहू बाजरी-ज्वारीच्या शेतात तो किडे टिपत हिंडायचाच. तो गेला ते कालव्याच्या पाण्यावर मैलोन्‌मैल उभ्या राहिलेल्या उसाने. डोक्याइतक्या उंच उसात माळरानाच्या पक्ष्याला ना दिसते ना पळता येते. तो गेला ते विजेच्या तारांनी, कारण समोरच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत. तो गेला ते बंदुकीने आणि जीपने. म्हणून ज्याला पोटापुरती जमीन नाही त्याने कसायला मागणे यात मी शीलभंग पाहत नाही. पण आपल्याला मिळालेल्या दोन एकराच्या बांधावर गवताचा पट्टा राखणे, पाखराचे अंडे दिसले तर पोराला त्याला हात लावू न देणे, हे आपण करू शकतो. आपल्याकडे आधीच काही नव्हते, मग पाखरासाठी आणखी काय सोडायचे, असा हिशेब कोणी केला तर तो मला समजतो. तरी तो मी स्वीकारू शकत नाही.

माळ गेला, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. त्याला तेथे आडोसा आहे, पाणी आहे, खायला कुत्री आणि वासरे आहेत. उसात जन्मलेल्या बिबट्याला जंगल ठाऊकच नसते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे मेली, लोक रस्त्यावर उतरले. ज्या घरातले मूल गेले त्या घरात जाऊन करुणेचे प्रवचन करण्याची माझी हिंमत नाही. त्या आईच्या दुःखापुढे आधी गप्प बसावे. एवढे मात्र खरे, की एक प्राणी नाहीसा होणे आणि दुसरा अंगणात येणे या एकाच दोरीच्या दोन बाजू आहेत.

सम्राट अशोकाची आठवण येथे काढतो, कारण ती आपल्याच महाराष्ट्रातली आहे. नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नववा तेथून जवळच १९५६ साली मिळाला, वर्ष लक्षात घ्या. त्या आठव्या लेखाचा विषय काय? पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी यात्रा काढीत, ते सोडून हा राजा संबोधीच्या स्थानी गेला आणि त्याने धम्मयात्रा सुरू केल्या. शिकारीची हौस सोडणे हे राजाने दगडावर कोरण्याइतके मोठे मानले. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावरच्या एका स्तंभलेखात त्याने मारू नयेत अशा पशुपक्ष्यांची यादीच दिली आहे. पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव अशी. प्राणिरक्षणाची जगातली ही एक अतिशय जुनी सरकारी यादी. त्याच लेखात आणखी एक बारीक आज्ञा आहे: ज्या भुश्शात जीवजंतू असतील तो भुस्सा जाळू नये, आणि विनाकारण रान पेटवू नये.

ही आज्ञा मी वाचून दाखवली तेव्हा विहारातले ऊसतोडीचे मुकादम हसले. म्हणाले, "गुरुजी, हे तर पाचटाचं झालं." बरोबर. ऊस तुटला की पाचट पेटवायचे, हा आपल्या भागातला रिवाज. त्यात साप, सरडे, तित्तिराची अंडी, सशाची पिले जळतात. कधी बिबट्याचे बछडेही तेथेच असतात. पाचट कुजवले तर जमिनीला खत होते हे शेतकी खात्याचे लोकही घसा फोडून सांगतात. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाला जे सुचले ते आपल्याला काडी ओढताना सुचत नाही.

पौर्णिमेचे हे प्रवचन संपल्यावर चहा झाला. एका आजीबाईंनी आपण लहानपणी पाहिलेल्या जनावरांची नावे सांगायला सुरुवात केली. तरस, खोकड, चिंकारा, माळढोक, काळवीट, गिधाड. शाळेच्या फळ्यावर एका मुलीने ती लिहून घेतली. त्यांतली कोणती आपण पाहिली, असे मी पोरांना विचारले, तर खोकडापाशी दोन हात वर झाले आणि चिंकाऱ्यापाशी चार, तेही सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्यात शाळेची सहल गेली होती म्हणून.

तो प्रश्न विचारणारा तरुण मात्र उठून गेला होता. थोड्या वेळाने परत आला तो हातात तीन रिकाम्या कुप्या घेऊन. ज्या गोठ्यावर त्याचे वडील सालाने आहेत, त्या गोठ्याच्या कोनाड्यातल्या. मालक तोच, टपरीवरचा. आम्ही चष्मे लावून त्यांवरची बारीक अक्षरे वाचली. दोन कुप्या मेलॉक्सिकॅमच्या निघाल्या. तिसरीवरचे नाव घासून गेले होते, काही केल्या लागेना. ती त्याने रुमालात बांधून ठेवली आहे. सोमवारी तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना दाखवणार आहे, आणि तेथून येताना चहाच्या टपरीवर थांबणार आहे.